अभियंता मुलीला सामाजिक नवोपक्रमात जायचे आहे

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत असून तिला कंपनीतील नोकरीऐवजी सामाजिक नवोपक्रमाच्या, म्हणजे समाजाच्या प्रश्नांवर नवे उपाय शोधण्याच्या, क्षेत्रात जायचे आहे आणि त्यामुळे तिची पदवी वाया जाईल, अशी काळजी आपण पत्रातून व्यक्त केली आहे. माझ्या मते पदवी वाया जाणार नाही. मात्र प्रश्न गावाकडून समजून घ्यायचा आणि उपाय गावाच्या हाती सोपवायचा, ही सवय तिला नव्याने लावून घ्यावी लागेल.

याचे उत्तम उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेपुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. दोन महिन्यांहून लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, तर ती धोक्याची खूण मानतात. पण गावातील निरक्षर सुइणींना एवढी मोजदाद करणे अवघड होते. म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे श्वासमापक तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शक्यता धरायची. सुइणींना काय येते, येथून सुरुवात केल्यामुळे रोगनिदान थेट त्यांच्या हाती आले. पुढे याच संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या ही पद्धत वापरू लागल्या. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते त्या स्त्रियांवर टाकलेला विश्वास.

शिक्षणासाठी आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्रातील तंत्रज्ञान आणि विकास या विषयातील एम.टेक. हा तिला सर्वांत जवळचा मार्ग आहे. त्यासाठी तिने ‘गेट’ या प्रवेश परीक्षेची तयारी आतापासून करावी. तथापि प्रवेशापूर्वी एखाद्या संस्थेत वर्षभर गावपातळीवर काम करावे, असा माझा आग्रह राहील. ‘सर्च’चा ‘निर्माण’ हा युवा उपक्रम त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सुरुवातीचे मानधन कंपनीच्या पगारापेक्षा बहुधा कमी असेल; तेव्हा शैक्षणिक कर्ज असल्यास त्याच्या हप्त्यांचा हिशेब घरात आधीच मोकळेपणाने मांडावा.

पुढील पत्र तिने स्वतः लिहावे. आरोग्य, पाणी आणि शेती यांपैकी कोणत्या प्रश्नावर तिला काम करायचे आहे हे समजले, म्हणजे मला नेमक्या संस्था सुचवता येतील.