ब्लेंडरचं (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) २४० फ्रेमचं काम स्लर्मच्या (अनेक मशीनवर कामं वाटून देणारी प्रणाली) रांगेत टाकलं, पण सगळं एकाच मशीनवर चालतंय. कोणते पर्याय द्यायचे?

स्क्रिप्टमध्ये ब्लेंडरला -ए दिला असणार; तो अख्खं अ‍ॅनिमेशन सलग रेंडर करतो. तो काढा आणि एसबॅचला (स्लर्मच्या रांगेत काम टाकणारी कमांड) --अ‍ॅरे=१-२४०%८ द्या (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत आणि आकड्यांत). म्हणजे २४० स्वतंत्र कामं, पण एका वेळी जास्तीत जास्त ८. शेअर्ड क्लस्टरवर (अनेकांनी मिळून वापरायच्या मशीनच्या समूहावर) ही टक्क्याची मर्यादा घालाच, इतरांचीही कामं रांगेत असतात.

प्रत्येक कामाला आपला क्रमांक स्लर्म_अ‍ॅरे_टास्क_आयडी या व्हेरिएबलमध्ये मिळतो. तोच ब्लेंडरच्या छोट्या -एफ पुढे लावा. छोटा एफ म्हणजे फ्रेम, कॅपिटल एफ म्हणजे इमेजचा फॉरमॅट; इथे गल्लत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ब्लेंडर पर्याय डावीकडून उजवीकडे, एकेक करून अमलात आणतो. म्हणून आधी -बी (विंडो न उघडता चालवण्यासाठी), मग सीनची फाइल, मग -ओ (फ्रेम कुठे सेव्ह करायची ते), आणि छोटा -एफ अगदी शेवटी. -ओ त्याच्यानंतर आला तर फ्रेम आधीच जुन्या जागी सेव्ह झालेली असते, आणि एररही येत नाही. मी यात एक पूर्ण रात्र घालवली आहे.

तसंच --टाइम (वेळेची मर्यादा), --मेम (मेमरी), --जीआरईएस=जीपीयू:१ (एक ग्राफिक्स कार्ड) हे एसबॅचचे पर्याय स्क्रिप्टच्या नावाआधी लिहा. नावानंतर लिहिलेलं सगळं स्क्रिप्टलाच जातं.

फ्रेम जोडून व्हिडिओ करायचं काम --डिपेंडन्सी=आफ्टरओके: आणि पुढे अ‍ॅरेचा जॉब क्रमांक देऊन आत्ताच टाकून ठेवा. सगळ्या फ्रेम यशस्वी झाल्यावरच ते सुरू होईल.