घरी शुभेच्छापत्रं करायची आहेत: सामान ऑनलाइन मागवावं की क्रॉफर्ड मार्केटमधून आणावं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. दिवाळीसाठी तीस कार्डं करायची, तर सामान ऑनलाइन मागवावं की डोंबिवलीहून क्रॉफर्ड मार्केटला खेप मारावी, हा पहिला. आणि नमुन्यादाखल केलेली दोन कार्डं घडीवर तडकली, वर चिकटवलेला कागद वाळल्यावर कार्डासकट वाकला, असं का झालं, हा दुसरा. आधी दुसऱ्याचं बघू. तो सुटला की खरेदीची यादी आपोआप निम्मी होते.

पण त्याच्याही आधी पाकीट ठरवा. बरेच जण कार्ड पूर्ण करतात आणि मग त्या मापाचं पाकीट शोधत फिरतात, ते मिळत नाही. नवशिक्यासाठी माझी शिफारस एकच: ए-६ मापाचं कार्ड आणि सी-६ मापाचं पाकीट. कार्ड १०५ × १४८ मिमी, पाकीट ११४ × १६२ मिमी. रुंदीत ९ मिमी आणि लांबीत १४ मिमी मोकळीक राहते, त्यामुळे कार्डावर थोडा उठाव असला तरी ते आत सरकतं. हे माप ए-४ कागदातून कचरा न होता निघतं, हा वरचा फायदा.

आता कागद. कार्डाच्या मूळ घडीसाठी २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), कोटिंग नसलेला कागद लागतो. डिजिटल प्रिंटवाल्यांकडे मिळणारं गुळगुळीत आर्ट कार्ड घेऊ नका. त्यावर शिक्क्याची शाई लवकर वाळत नाही, पुसली जाते आणि गोंदही नीट धरत नाही. वरच्या थरांना, म्हणजे कार्डावर चिकटवायच्या कागदांना, १६० ते २२० जीएसएम पुरे.

घडी तडकण्याचं कारण जवळपास नेहमी ग्रेन असतं. कागदातले तंतू एका दिशेने जास्त पसरलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर तंतू तुटतात आणि पांढरी खरखरीत कड दिसते. बहुतेक ए-४ कागदात ग्रेन लांब बाजूला समांतर असतो. म्हणजे अख्खा ए-४ मधोमध दुमडून मोठं कार्ड केलंत तर घडी ग्रेनच्या आडवी येते. तुमची दोन कार्डं अशीच केलेली असावीत असं मला वाटतं. त्याऐवजी ए-४ची लांब बाजू १४८.५ मिमीवर कापून दोन तुकडे करा. प्रत्येक तुकडा २१० × १४८.५ मिमीचा होईल. तो १०५ मिमीवर दुमडा. आता घडी ग्रेनला समांतर आली. तोच कागद, फक्त कापायची पद्धत बदलली.

मोठ्या शीटमधून कापून विकलेल्या गठ्ठ्यात ग्रेन उलटाही निघतो, म्हणून तपासून घ्या. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, न मोडता. ज्या दिशेला ती सहज वाकते, त्या वाकाला समांतर ग्रेन. शंका राहिली तर पाच सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करा. तो गुंडाळून नळी होते, त्या नळीची लांबी ज्या दिशेला असते ती ग्रेनची दिशा.

घडी घालण्याआधी रेघ दाबायची. त्यासाठी बोन फोल्डर नावाची बोथट टोकाची पट्टी मिळते, नसेल तर शाई संपलेली बॉलपेनची रिफील उत्तम. खाली एखादी जाड वही, वर स्टीलची पट्टी, आणि मध्यम दाबाने दोनदा रेघ ओढा. एकदाच जोर लावलात तर वरचा थर फाटतो. मग दुमडताना एक गोष्ट लक्षात ठेवा: रेघ ओढल्यावर एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. तो उंचवटा कार्डाच्या आत राहिला पाहिजे. म्हणजे रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने ओढायची आणि खाचेपासून उलट दिशेला दुमडायचं. बरेच जण खाच आत ठेवतात, कारण तसं दुमडणं सोपं वाटतं, पण त्यात बाहेरचे तंतू जास्त ताणले जातात.

रंगीत कागद असेल तर तो आतून पांढरा आहे का बघा. कोपरा किंचित फाडला की कळतं. आतून पांढऱ्या कागदाची घडी किती जपली तरी थोडी पांढरी दिसतेच. त्याच रंगाची रंगपेन्सिल कडेवरून फिरवली की झाकली जाते.

वाकडेपणाचं कारण गोंद. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं. वरचा कागद ते शोषून फुगतो, ओला असताना चिकटतो, वाळताना आकसतो आणि खालच्या कार्डाला ओढतो. मुंबईच्या हवेत हे जास्त जाणवतं, कारण कागद आधीच दमट असतो आणि गोंद वाळायला वेळ लागतो. तीन गोष्टी करा. पहिली, मोठ्या पृष्ठभागासाठी पांढरा गोंद वापरूच नका. तिथे डबल टेप किंवा ग्लू स्टिक. दुसरी, वरच्या थराचा ग्रेन आणि कार्डाचा ग्रेन एकाच दिशेला ठेवा, म्हणजे दोन्ही सारखे आकसतील. तिसरी, वापरायचे सगळे कागद चिकटवण्याआधी एक दिवस एकाच खोलीत उघडे ठेवा. एक कागद एसीच्या खोलीतला आणि दुसरा बाल्कनीजवळचा असेल तर टेप लावूनही कार्ड वाकतं. चिकटवून झालं की दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, रात्रभर.

पांढरा गोंद टाकाऊ नाही. छोटी फुलं, मणी, लेस यांच्यासाठी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. हॉट ग्लू गन मात्र कार्डासाठी टाळा. तिचा गोळा जाड राहतो, तार सुटते आणि पाकिटात कार्ड नीट बसत नाही.

मापं सांगतो. कार्डाच्या दर्शनी बाजूवरचा थर ९७ × १४० मिमी ठेवा, चारही बाजूंना साधारण ४ मिमी कड दिसेल. एका ए-४ मधून असे चार निघतात. म्हणजे तीस कार्डांना मूळ कागदाची १५ शीट आणि चुकीसाठी ३, थरांसाठी ८ आणि १ जादा, पाकिटं ३५. नक्षीचा कागद घेणार असाल तर १२ इंची शीटमधून सहा थर निघतात, ६ इंची पॅडच्या एका शीटमधून एकच. हिशेबाने १२ इंची स्वस्त पडतं. पण त्यावरची नक्षी बहुधा मोठी असते, कापल्यावर अर्धं फूल हातात येतं. छोट्या कार्डाला ६ इंची पॅडचीच नक्षी शोभते, आणि उरलेल्या साडेपाच सेंटिमीटरच्या पट्टीतून आकाशकंदील, पणत्या कापता येतात.

कापायला स्टीलची पट्टी, कटिंग मॅट आणि पातं मोडून नवं करता येणारं कटर. ३०० जीएसएम एका झटक्यात कापायचा नाही; हलक्या हाताने तीनदा फिरवा. कड पिंजलेली दिसली की पात्याचं टोक मोडा.

आता खरेदी. माझं मत स्पष्ट आहे: जे हातात धरून पारखायचं ते बाजारातून, जे बाजारात सहज सापडत नाही तेवढंच ऑनलाइन. मूळ कागद, पाकिटं, डबल टेप, फोम टेप (थर थोडा उचलून धरणारी जाड टेप), लेस, मणी, कुंदन हे सगळं क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळतं. कागद आणि स्टेशनरीसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट, लेस आणि मण्यांसाठी भुलेश्वर. गिरगावात खाडिलकर रोडला लग्नपत्रिकांची दुकानं आहेत, तिथे मेटॅलिक आणि टेक्स्चरची पाकिटं विचारा. सीएसएमटी किंवा मस्जिद, दोन्ही स्टेशनांवरून अब्दुल रहमान स्ट्रीटला चालत जाता येतं. रविवारी बहुतेक घाऊक दुकानं बंद असतात. कागद गुंडाळी करून आणू नका, त्याचा बाक जाता जात नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून रबर लावा, आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परतीची लोकल धरा. घाऊक दुकानात कागद मोठ्या शीटमध्ये मिळतो, ए-४ला कटिंग करून द्या म्हणून सांगा. फक्त ग्रेन लांब बाजूला येईल असं कापायला सांगायला विसरू नका. घडी न तडकणारा कागद हवा असेल तर हातकागद बघा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासूनची हातकागद संस्था आहे. या कागदात ग्रेन फारसा नसतो, कुठूनही दुमडला तरी चालतो. शिक्क्याची शाई मात्र त्यावर पसरते, म्हणून मजकूर वेगळ्या गुळगुळीत पट्टीवर घ्या.

ऑनलाइन घ्यायच्या गोष्टी म्हणजे पारदर्शक शिक्के, ते चिकटवून धरायचा ॲक्रिलिक ब्लॉक, पिगमेंट शाईची (दाट, सावकाश वाळणाऱ्या शाईची) पॅड, एम्बॉसिंग पावडर (तापवल्यावर वितळून अक्षरांना उठाव देणारी), आकाराचे पंच. इथे वर्णन अक्षर न् अक्षर वाचा. फोटोत पूर्ण झालेलं कार्ड असतं आणि येतो नुसता धातूचा डाय, म्हणजे आकार कापायचा साचा, जो दाबयंत्राशिवाय निरुपयोगी आहे. शिक्क्यांच्या संचाचं दिलेलं माप पूर्ण शीटचं असतं, एकेका शिक्क्याचं नव्हे. पंच किती जीएसएमचा कागद कापतो ते पाहा. जाड कागदात तो अडकतो. माप इंचात की सेंटिमीटरमध्ये तेही बघा. ग्राहकांनी टाकलेले फोटो कंपनीच्या फोटोपेक्षा जास्त सांगतात. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ घ्या, कोपरे दुमडलेले निघाले तर पुरावा राहतो. शाईची पॅड एकदा उघडली की परत घेत नाहीत, म्हणून रंग आधी नक्की करा. दिवाळीच्या पाच-सहा आठवडे आधी मागवा, म्हणजे बदलून घ्यायला वेळ उरतो.

कागद ऑनलाइन घेतलाच तर तो खरंच सांगितलेल्या जाडीचा आहे का, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. ए-४ शीट म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणून जीएसएमला १६ने भागलं की एका शीटचं वजन येतं. ३०० जीएसएमच्या दहा शीट साधारण १८७ ग्रॅम भरल्या पाहिजेत, २२० जीएसएमच्या १३७. पावसाळी हवेत चार-पाच ग्रॅम जास्त दिसतील, पण १४० भरल्या तर माल ३०० जीएसएमचा नाही.

मराठी मजकुराचे तयार शिक्के ऑनलाइन फार थोडे सापडतात. रबरी शिक्के करून देणारे स्टेशनाबाहेर असतातच, त्यांच्याकडून ‘शुभ दीपावली’ करून घ्या. अक्षरांची उंची निदान ६ मिमी ठेवा आणि टाइप मध्यम जाडीचा निवडा. फार बारीक टाइपात वेलांट्या तुटतात. फार जाड टाइपात ‘हार्दिक’मधल्या ‘र्दि’सारखी गर्दी शाईने भरून जाते. आपोआप शाई घेणारा शिक्का नको, साधा मुठीचा घ्या, म्हणजे शाईचा रंग बदलता येतो. छापताना कागदाखाली पातळ फोम किंवा वर्तमानपत्राची घडी ठेवा. नवा पारदर्शक शिक्का सुरुवातीला शाई धरत नाही. त्यावरून एकदा खोडरबर फिरवा.

सोनेरी उठावाची अक्षरं हवी असतील तर क्रम असा: कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवा, नाहीतर दमट कागदाला एम्बॉसिंग पावडर सगळीकडे चिकटते. पिगमेंट शाईने छापा, लगेच पावडर टाका, झटका, चुकार कण कोरड्या ब्रशने काढा, मग क्राफ्टच्या हीट गनने तापवा. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही. त्याची उष्णता पुरत नाही आणि वाऱ्याने पावडर उडते. अक्षरं चमकली की थांबा. जास्त तापवलं तर ती तेलकट होऊन कागदात बसतात. हे काम फोम टेप आणि मणी लावण्याआधी उरकायचं.

टपालाने पाठवणार असाल तर वजन करा. ३०० जीएसएमचं ए-६ कार्ड साडेनऊ ग्रॅम, वरचा थर पावणेतीन, पाकीट चार-साडेचार, म्हणजे १७ ग्रॅमच्या आत. साध्या पत्राचं टपाल वीस ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतं, म्हणून सजावटीला तीन ग्रॅम हाताशी आहेत. टपालात शिक्के मारताना मोती आणि कुंदन पाकीट फाडतात, ती कार्डं हातोहात द्यायची ठेवा. टपालाच्या कार्डांवर कागदी कातरकामच करा, फोम टेप एकाच थराची. तयार कार्डं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत उभी न ठेवता आडवी रचा, आणि पाकिटांच्या गोंदाच्या कडा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये बटर पेपरचे तुकडे घाला.