उत्तर: फिटिंग दर वेळी वेगळे दरस्थिरांक देतं, त्यातले खरे कोणते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा. कॅल्शियम काढून टाकलेल्या द्रावणात स्नायूतल्या अ‍ॅक्टिन, ट्रोपोमायोसिन आणि ट्रोपोनिन या प्रथिनांचा तंतू घेतला, त्यात अ‍ॅक्टिनला धरणाऱ्या मायोसिन या प्रथिनाचं डोकं, म्हणजे एस-वन, थोडं थोडं घालत गेलात. अ‍ॅक्टिनला लावलेल्या पायरीन या चमकणाऱ्या रेणूच्या चमकेवरून बंधनाची एक वक्ररेषा मिळाली. मग तीन अवस्थांच्या मॉडेलचे सहा दरस्थिरांक, म्हणजे प्रत्येक पायरी पुढे आणि मागे किती वेगाने होते ते आकडे, त्या एकाच रेषेवरून काढायला बसलात. प्रोग्रॅम दर वेळी वेगळे सहा आकडे देतो आणि रेषा मात्र दर वेळी तितकीच सुरेख बसते. गाइडनी सांगितलं, दहा वेळा चालवा आणि सरासरी काढा.

सरासरी काढू नका, एवढं आधी सांगतो. प्रोग्रॅम बिघडलेला नाही, तुमचं गणितही चुकलेलं नाही. त्या वक्ररेषेत सहा आकड्यांची माहितीच नाही. नसलेल्या माहितीची सरासरी काढून ती प्रबंधात छापली, तर पुढचा कोणीतरी तोच आकडा खरा धरून आपलं मॉडेल उभारेल.

मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो, आमचं वावर काळ्या मातीचं आणि खाली खडक. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाईन रात्री येते, म्हणून मोटार रात्रभर चालते. पहाटे विहिरीत बॅटरी मारून पाहिलं की पाण्याची पातळी एका जागी थांबलेली दिसते. याचा अर्थ झरा जेवढं देतो तेवढंच मोटार उपसते. पण किती? झराही जोरात आणि मोटारही जोरात असेल, किंवा दोन्ही मंद असतील, तरी पातळी तिथेच दिसणार. थांबलेल्या पातळीवरून दोघांचं गुणोत्तर कळतं, एकेकाचा वेग कळत नाही. वेग हवा असेल तर मोटार बंद करून दोरीला गाठी मारून बसावं लागतं. भाऊ आणि मी एका उन्हाळ्यात ते केलं. पहिल्या तासात पाणी हातभर चढलं, दुसऱ्या तासात त्याहून कमी, मग आणखी कमी. त्या चढण्याच्या वळणात झऱ्याचा वेग होता. रात्रभराच्या स्थिर पातळीत तो नव्हता.

तुमचं टायट्रेशन, म्हणजे एस-वन थोडं थोडं घालून मोजणं, हीच ती थांबलेली पातळी. प्रत्येक थेंबानंतर तुम्ही समतोल येईपर्यंत थांबता. त्यामुळे पुढचा आणि मागचा दर दोन्ही दहापट केले तरी रेषा केसभरही हलत नाही. सहा दरांतून फार तर तीन गुणोत्तरं हाती लागू शकतात. आणि ती तीनही सुटी सुटी मिळतीलच असं नाही. खरी गोम तिथेच आहे.

मॅकिलॉप आणि गीव्ह्ज यांनी १९९३ मध्ये मांडलेलं मॉडेल आठवा. सात अ‍ॅक्टिन, एक ट्रोपोमायोसिन आणि एक ट्रोपोनिन मिळून एक एकक. ते एकक अडवलेलं असतं, मिटलेलं असतं किंवा उघडं असतं. अडवलेल्यावर मायोसिन बसतच नाही, मिटलेल्यावर सैल बसतं, उघड्यावर घट्ट. अडवलेलं ते मिटलेलं या पायरीच्या समतोल स्थिरांकाला (पुढचा दर भागिले मागचा दर) केबी म्हणतात, मिटलेलं ते उघडं याला केटी. आता तुमच्या टायट्रेशनमध्ये एस-वन इतकं विरळ असतं की मिटलेल्या एककावर सैल बसलेलं मायोसिन जवळजवळ नसतंच. शिवाय पायरीनची चमक घट्ट बंधनानंतरच कमी होते, सुमारे ७० टक्क्यांनी, आणि सैल बंधन तिला दिसत नाही. म्हणजे अडवलेलं आणि मिटलेलं, दोन्ही तुमच्या मोजमापाला एकसारखंच 'बंद' दिसतं. समीकरण सोडवून पाहा. केबी आणि केटी वेगवेगळे येत नाहीत, केटी गुणिले केबी भागिले (१ + केबी) एवढी एकच जोडगोळी उरते.

आकडे घालून पाहू. केबी ०.३३ आणि केटी ०.०८ घेतले तर ही जोडगोळी ०.०२ येते. केबी १ आणि केटी ०.०४ घेतले तरी ०.०२. दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसतील. एका उत्तरात बंद एककांपैकी तीन चतुर्थांश अडवलेली आहेत, दुसऱ्यात निम्मी. जीवशास्त्राच्या दृष्टीने या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमचा प्रोग्रॅम या दोन टोकांच्या मधे कुठेही थांबतो, कारण रेषा किती बसते याच्या आलेखातली दरी सपाट आहे आणि त्याला सगळीकडे सारखंच वाटतं.

मग केबी कुठून आणायचा? मोटार बंद करून. स्टॉप्ड-फ्लोमध्ये, म्हणजे दोन द्रावणं क्षणात मिसळून पुढचा बदल मोजणाऱ्या यंत्रात, तंतू भरपूर घ्या, एस-वन त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं, आणि दोन्ही झपकन मिसळा. एस-वन इतकं कमी असल्याने तंतू त्याच्या बसण्याने उघडत नाही, आहे त्याच अवस्थेत राहतो. त्यामुळे बंधनाचा वेग अडवलेली नसलेली एककं किती आहेत यावर ठरतो. हाच प्रयोग एकदा कॅल्शियम घालून, एकदा कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या ईजीटीएने कॅल्शियम काढून करा. कॅल्शियम असताना जवळजवळ काहीच अडवलेलं नसतं, म्हणून दोन वेगांचं गुणोत्तर थेट केबी भागिले (१ + केबी) देतं. कॅल्शियमविना वेग चौथ्या हिश्शावर आला, तर केबी एक तृतीयांश. तो टायट्रेशनच्या जोडगोळीत घाला, केटी आपोआप सुटा होतो.

इथे एक चूक मी स्वतः केली होती, ती तुम्ही करू नये म्हणून सांगतो. सिरिंजमध्ये तंतू ५ मायक्रोमोलर होता आणि मी गणितात ५ च घातला. दोन सिरिंजमधून सारखं द्रावण येऊन मिसळतं, त्यामुळे मोजणीच्या कोशात तो २.५ होतो. माझा बंधनाचा दर बरोब्बर निम्मा आला आणि दोन महिने मी प्रथिनाच्या शुद्धतेवर शंका घेत बसलो. त्यात केबी मात्र बरोबरच आला होता, कारण तो गुणोत्तरातून येतो आणि चूक वर-खाली दोन्हीकडे सारखीच कटते. तेव्हापासून वहीत प्रत्येक पानावर 'मिसळल्यानंतर' हा शब्द लिहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

तंतूचं प्रमाण चार-पाच पायऱ्यांत बदलून वेगाचा आलेख काढला की उतार पुढचा दर देतो आणि उभ्या अक्षावरचा छेद मागचा दर. उतारावर विश्वास ठेवा. छेदावर नको, तो शून्याच्या इतका जवळ असतो की त्याच्यातली चूक त्याच्याहून मोठी निघते. मागचा दर स्वतंत्रपणे मोजावा: पायरीन लावलेल्या अ‍ॅक्टिनवर एस-वन आधी बसवून, नंतर बिनपायरीनचं अ‍ॅक्टिन भरपूर ओतून. यंत्राच्या मृतकाळाकडेही, म्हणजे मिसळल्यापासून मोजणी सुरू होईपर्यंतच्या वेळाकडेही, लक्ष असू द्या. तो दीड मिलिसेकंद असेल आणि वेग सेकंदाला ५०० असेल, तर पडदा उघडेपर्यंत निम्म्याहून जास्त सिग्नल निघून गेलेला असतो.

सोय असेल तर उलटा प्रयोगही करा: एस-वन तंतूपेक्षा जास्त, कॅल्शियमविना. ट्रेसच्या, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या चमकेच्या रेषेच्या, सुरुवातीला एक छोटी वाट पाहिल्यासारखी सपाटी दिसेल, मग वेग घेईल. पहिली डोकी दार उघडेपर्यंतचा वेळ ती ही सपाटी, मग मागची भराभर बसतात. गुळगुळीत करायच्या नादात ती कापू नका, एका एककाचं उघडणं किती अ‍ॅक्टिनपर्यंत पोचतं याची खूण तीच आहे.

आता फिटिंग. सगळे ट्रेस आणि टायट्रेशन एकत्र बसवा, एकेक करून नाही. स्थिरांकांचे लॉग घेऊन बसवा, म्हणजे ऋण आकडे येणार नाहीत आणि ०.०१ ते १०० हा पल्ला सारखा हाताळला जाईल. लेव्हनबर्ग (१९४४) आणि मार्क्वार्ट (१९६३) यांची रीत ऑक्टेव्हमध्ये आणि पायथनमध्ये फुकट मिळते, जुन्या लॅपटॉपवरही चालते. शे-दोनशे वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवा. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर फेरीनंतर निकाल फाइलमध्ये लिहून ठेवायची सवय लावून घ्या.

मॉडेलमध्ये गोल फिरून परत येणारा रस्ता असेल आणि एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) नसेल, तर सरळ दिशेच्या दरांचा गुणाकार उलट दिशेच्या गुणाकाराएवढाच असायला हवा. त्यामुळे एक दर मोकळा सोडायचाच नसतो, बाकीच्यांवरून काढायचा असतो. हे बंधन विसरलेलं प्रबंधात फार वेळा दिसतं.

शेवटी प्रत्येक स्थिरांकाची परीक्षा घ्या. केटी एका आकड्यावर खिळवून ठेवा, बाकीचे पुन्हा बसवा, काय-स्क्वेअर (रेषा आणि मोजमाप यांतल्या फरकाचं माप) लिहा. केटी थोडा सरकवा, पुन्हा तेच. आलेख काढल्यावर खोल वाटी दिसली तर तो स्थिरांक तुमच्या मोजमापातून ठरतो आणि वाटीच्या रुंदीवरून त्याची चूक मिळते. एकीकडे भिंत आणि दुसरीकडे सपाट माळ दिसला, तर 'अमुकपेक्षा जास्त' एवढंच लिहा. कॅल्शियम असताना केबीचं सहसा असंच होतं, आणि तसं लिहिण्यात कमीपणा नाही.

एककाचा आकार सातच धरायचा का, असंही विचारलं आहे. मोकळा सोडलात तर तो केटीशी ओढाताण करेल. ट्रोपोमायोसिन शेजारच्या ट्रोपोमायोसिनला टोकाला जोडलेलं असतं, म्हणून तंतू सुट्या सात-सातच्या डब्यांसारखा वागत नाही. स्मिथ आणि गीव्ह्ज यांनी २००३ मध्ये लवचीक साखळीचं मॉडेल दिलं ते यासाठीच. पण एम.एस्सी.च्या प्रकल्पात ताठ एककाचं मॉडेल पुरे.

इतकी मेहनत कशाला, असं गाइड म्हणाले तर त्यांना हे सांगा. हृदयाच्या मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन-सी च्या जनुकात २५ बेस जोड्या गळालेला एक बदल दक्षिण आशियाई लोकांपैकी सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजारात ट्रोपोनिनचेही बदल सापडतात. असा एखादा बदल कोणती पायरी बिघडवतो, अडवणारी की उघडणारी, हे केबी आणि केटी सुटे केल्याशिवाय सांगता येत नाही. औषध शोधणाऱ्याला नेमकी तीच पायरी हवी असते.

तुमच्या विभागात स्टॉप्ड-फ्लो नाही असं लिहिलं आहे. मग टायट्रेशनवरून फक्त ती जोडगोळी आणि तिची चूक द्या, आणि केबी दुसऱ्यांच्या मोजमापातला घेतला असेल तर तापमान आणि क्षारांचं प्रमाण तुमच्याशी जुळतं का ते शेजारी लिहा. टायट्रेशनचा मूळ डेटा इथे टाकलात, अ‍ॅक्टिनचं प्रमाण आणि मीठ किती होतं त्यासकट, तर रविवारी मी ती वाटी काढून देतो.