पटावर अवघी २६ मुले

सात वर्षांच्या एका मुलीचे आईवडील माझ्याकडे सल्ल्यासाठी आले, तेव्हा शाळेच्या प्रश्नावर दोघांचे मुळीच जमत नव्हते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरी दिवसभर बोलणारी ही मुलगी ४० मुलांच्या वर्गात गप्प बसत असे. आईने एक लहान खासगी प्राथमिक शाळा पाहून ठेवली होती. तिच्या साऱ्या पटावर २६ मुले होती आणि मुलीच्या इयत्तेत अवघी चार. वडिलांची काळजी बहुतेक पालकांना वाटते तीच होती: ‘इतक्या थोड्या मुलांत राहून ती चारचौघांत मिसळायला कशी शिकेल?’

घरी मोकळे बोलणारे मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ बोलत नसेल, तर त्यामागे निवडक मूकता (काही ठिकाणी चिंतेमुळे बोलताच न येणे) असू शकते आणि ती केवळ शाळा बदलल्याने जात नाही, म्हणून मी आधी तपासणी करून घेण्यास सांगितले. तसे काही आढळले नाही. मग शाळेचा विचार सुरू झाला.

आईचा भर वर्ग लहान असण्याच्या फायद्यांवर होता, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे चाललेल्या ‘स्टार’ प्रकल्पात १३ ते १७ मुलांच्या वर्गांची २२ ते २५ मुलांच्या वर्गांशी तुलना झाली, तेव्हा लहान वर्गांतील मुले वाचनात व गणितात पुढे राहिली. परंतु तो निष्कर्ष चार मुलांच्या इयत्तेला जसाच्या तसा लावता येत नाही. पंधरा मुलांत एका मैत्रिणीशी बिनसले, तर जवळ जाऊन बसायला आणखी कोणीतरी असते. चौघांत बिनसले, तर ते भांडण रोज समोर असते, आणि बाईंशी पटले नाही तर दुसरी तुकडीही नसते.

म्हणून मी दोघांना तेथे एक पूर्ण दिवस काढून, वर्गापेक्षा मधल्या सुट्टीकडे अधिक लक्ष देण्यास सांगितले. गेल्या तीन वर्षांत किती शिक्षिका सोडून गेल्या, शाळेला मान्यता आहे का आणि चार-पाच मुले निघून गेली तर ती वर्षभर चालेल का, हेही मोकळेपणाने विचारावे, असे सुचवले. लहान शाळेचा आर्थिक पाया पाहण्याची गोष्ट पालक संकोचाने टाळतात, याचे मला वाईट वाटते, कारण मध्येच शाळा बंद पडली तर त्याची झळ मुलालाच बसते.

दिवसभर पाहून आल्यावर वडिलांचे मत बदलले. मधल्या सुट्टीत सर्व इयत्तांची मुले एकत्र खेळत होती आणि एका मोठ्या मुलाने त्यांच्या मुलीला आपणहून खेळात घेतले होते. तिला तेथे प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याच आठवड्यात ती वर्गात बोलू लागली.

अडचण सहा महिन्यांनी आली. इयत्तेतील दोघी मुलींची जोडी जमली, ही बाजूला पडली आणि सकाळी तिचे पोट दुखू लागले. बाईंनी वाचनाचा तास दोन इयत्तांचा मिळून घेतला. पालकांनी तिला शाळेबाहेरच्या पोहण्याच्या वर्गाला घातले. तेथे तिला जी मैत्रीण मिळाली, ती या शाळेतली नाही, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. आता अशा शाळेचा विचार करणाऱ्या प्रत्येक पालकाला मी प्रवेशापूर्वीच विचारते की, शाळेखेरीज तुमचे मूल दर आठवड्याला कोणाबरोबर खेळणार आहे?