मीठ-तेलाचं माप आपल्या हातात

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

खोलीवर शेगडी आणि तीन लिटरचा कुकर आला हे बरं झालं. आता मोठे बेत आखू नकोस. आठवड्यातून पाच दिवस रात्रीचं जेवण घरी, एवढंच ठरव. दुपारचा डबा चालू दे.

बाहेरच्या जेवणात खरी खोट असते ती मापाची. मीठ आणि तेल तिथे सढळ पडतं, कारण गिऱ्हाईक परत यायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चहाचा सपाट चमचाही पुरता नाही, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण आलं. तेलाचं म्हणशील, तर दोन्ही वेळा घरी जेवणाऱ्याला अर्धा लिटर महिनाभर पुरावं. तू एकदाच शिजवणार, तेव्हा तेवढंच दोन महिने जायला हवं. पिशवी थेट कढईत ओतलीस की हिशेब बुडाला; चमच्यानेच घाल.

सुरुवात वरण-भातानेच कर. डाळ-तांदूळ एकत्र आले की प्रथिनांतली एकमेकांची उणीव भरून निघते. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजव. दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग, दोन थेंब तेल. वरच्या भांड्यात अर्धी वाटी तांदूळ, एक वाटी पाणी. कुकरच्या तळाशीही दोन वाट्या पाणी हवंच, नाहीतर तळ करपतो. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं. वाफ आपोआप जिरू दे. घाईने झाकण काढलं की भातात कणी राहते. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाल, आंबटाने ती टणक राहते. फोडणीला एक चमचा तेल. मोहरी पूर्ण तडतडल्यावर जिरं, हळद अगदी शेवटी. आधी टाकलीस तर जळून कडवट होते.

आठवड्यातून दोनदा मटकीची उसळ होऊ दे. आठ तास भिजव, पाणी पूर्ण निथळ, ओलसर फडक्यात दहा-बारा तास बांधून ठेव. पाणी राहिलं की मटकी बुळबुळीत होते आणि वास मारते. मग धुऊन वाचवायच्या भानगडीत न पडता टाकून दे. मोड आल्याने कडधान्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. लिंबूही त्यालाच मदत करतं, पण ते गॅस बंद केल्यावर पिळ, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. आणि जेवल्याबरोबर चहा नको, तासभर थांब.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा करायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती मात्र उचलू नकोस. भातातले काही जंतू शिजवूनही तग धरतात, आणि बाहेर राहिलेल्या भातात ते जे विष सोडतात ते परतून जात नाही. दोन तासांच्या आत भात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगला वाफाळेपर्यंत गरम कर.

वाण्याकडून तूरडाळ अर्धा किलोच आण. स्वस्त पडते म्हणून पाच किलो भरलीस तर ती जुनी होईल, आणि जुनी डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी घोटली जात नाही.

कळावे.
तुझी मावशी