सिएटलचे रस्ते वाकडे का?

प्रश्न : मुलीकडे सिएटलला गेले असताना पायोनियर स्क्वेअरमध्ये रोज फिरायला जात असे. तिथून येस्लर वे ओलांडला, की रस्ते एकदम तिरके होतात. जावई म्हणतात, आखणाऱ्या डॉक्टरने त्या दिवशी झोकली होती. खरं का हे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तो डॉक्टर म्हणजे डेव्हिड मेनार्ड, गावचा ‘डॉक’. आता, मी नोकरीभर जमिनीची मोजणी केली. शेजारी शेजाऱ्याला दारुडा म्हणाला, की मी आधी नकाशा मागतो. 1853 मध्ये गाव वसवणाऱ्यांपैकी आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन यांनी आपल्या जमिनीतले रस्ते किनाऱ्याला धरून आखले. त्यांच्या दक्षिणेला मेनार्डची जमीन. त्याने होकायंत्र लावलं आणि सरळ उत्तर-दक्षिण रेघा ओढल्या. हद्दीवर रस्ते जुळेनात. मेनार्ड तेव्हा प्यायलेला होता, हे पुढे लिहून ठेवलं कोणी? डेनीनेच! बाटलीशी मेनार्डचं वैर नव्हतं हे खरं, पण असल्या साक्षीवर मी पंचनामा केला नसता.

माणूस मात्र उचापती. जन्म 1808 चा, व्हरमाँटचा. ओहायोत डॉक्टरकी केली, कर्जात बुडाला, आणि 1850 मध्ये बायको लिडिया व दोन मुलांना मागे ठेवून पश्चिमेला निघाला. वाटेत कॉलऱ्याची साथ. रोग्यांना औषधपाणी करता करता कॅथरीन ब्रोशिअर्स ही तरुणी भेटली. तिचा नवरा त्याच साथीत गेला होता. 1852 मध्ये मेनार्डने सिएटलला दुकान थाटलं. सामन मासे खारवून पिंपं भरभरून सॅन फ्रान्सिस्कोला धाडले, ते सडले. मग गावचा न्यायाधीशही झाला. ‘डुवाम्प्स’ हे गावाचं नाव बदलून मूळ रहिवाशांच्या सरदाराचं, सिएटलचं, नाव द्यायला लावलं तेही यानेच.

खरी गोम जमिनीत आहे. तेव्हाच्या कायद्याने जोडप्याला 640 एकर मिळत: निम्मी नवऱ्याची, निम्मी बायकोची. मेनार्डने विवाहित म्हणून दावा लावला खरा, पण डिसेंबर 1852 मध्ये ओरेगॉनच्या (सिएटल तेव्हा त्याच मुलखात होतं) विधिमंडळाकडून ठराव करवून लिडियाशी काडीमोड घेतला. तिला साधी नोटीसही नाही! जानेवारीत कॅथरीनशी लग्न. बायकोच्या वाट्याची वेळ आली तेव्हा लिडिया त्या मुलखात कधी राहिलेली नव्हती, आणि दावा लावला त्या दिवशी कॅथरीन बायको नव्हती. 320 एकर गेली. मेनार्ड 1873 मध्ये वारला. लिडियाच्या मुलांनी त्या निम्म्या जमिनीसाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. 1888 मध्ये तिथेही हरली. काडीमोड कायदेशीर ठरला.

जावयांना सांगा, पुढच्या खेपेला येस्लर वेवर मोबाइलमधलं होकायंत्र उघडून बघा. ‘प्यायलेल्या’ माणसाचे रस्ते नीट उत्तरेला धरून आहेत. तिरके आहेत ते शुद्धीवर असलेल्यांचे.