एम.ए. मराठीला नाटकाचा पेपर आहे, गाईडवर भागेल का, की सगळी नाटकं वाचावीच लागतील?

पास व्हायचं असेल तर भागेल. पुढं वाचू नका, अभ्यासाला लागा.

नाटक कळून लिहायचं असेल तर गाईड बंद करा आणि नाटक मोठ्यानं वाचा. मनात नाही, मोठ्यानं. आमच्या वर्गात निम्म्यांनी नाटक हा प्रकार कादंबरीसारखा डोळ्यांनी वाचला आणि पेपरात कथानक लिहून आले. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’वर ‘सुधाकराचे स्वभावचित्र रेखाटा’ म्हटलं की सुधाकर कोण, मग काय झालं, मग काय झालं, पुरवणी संपली. तपासणाऱ्याला कथानक माहीत असतं हो!

मी कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहायचे. खाली घरमालकीण काकू, वर आम्ही दोघी. माझी रूममेट गाईडवाली. मुद्दे पाठ, उपमुद्दे पाठ, लाल पेनानं अधोरेखित. मी ‘एकच प्याला’ वाचायला घेतलं की ती उशी कानावर घ्यायची. कोर्टात अपमान होऊन वकिलीची सनद गेलेला सुधाकर घरी आलाय आणि त्याचा कारकून तळीराम त्याला पहिल्या पेल्यापाशी आणतोय, हा भाग मी दोन आवाजांत वाचत होते. सुधाकर जाड, चिडलेला. तळीराम मऊ, लाडीगोडीचा. रात्रीचे दहा वाजून गेलेले. दारावर थाप पडली. “दार उघड आधी. कोण हाय गं आत? बाप्या माणसाचा आवाज येतोय.” काकूंनी कॉटखाली वाकून बघितलं, गॅलरीत बघितलं, मोरीचं दारसुद्धा ढकललं. मी पुस्तक दाखवलं तरी विश्वास बसेना. म्हणाल्या, वाच बघू परत. वाचलं. मग काकू कॉटवर टेकल्या त्या उठेचनात. सुधाकराच्या बायकोच्या, सिंधूच्या प्रवेशापर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “भाऊ न्यायला आल्यावर गप जायचं का न्हाई हिनं?”

गाईडात सिंधू म्हणजे आदर्श पतिव्रता, त्यागमूर्ती, पुढचा मुद्दा. काकूंनी विचारलं ते गाईडात नाही. पद्माकर न्यायला तयार असताना सिंधू दळणं दळत तिथंच राहते, याचा आजच्या बाईला रागच येतो. तो राग सुधाकरावर काढायचा, सिंधूवर, की तिला तसं वाढवणाऱ्यांवर? ‘ही शोकांतिका कुणाची’ या ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. आणि तळीरामाला खलनायक करून मोकळं होणं हा तर निव्वळ आळस. त्यानं पेला पुढं केला हे खरं, पण तहान कोर्टातच लागली होती. आमच्या सरांना हे पटलं नव्हतं. मला अजून पटतं.

आणखी एक. ‘गडकऱ्यांची पदं’ असं या नाटकाबद्दल लिहू नका. पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. सिंधू केली बालगंधर्वांनी. पाच अंकी गद्य वाचताना ‘इथं गाणं कशाला?’ असं वाटतं, तिथं पेटीवर एखादं पद ऐका, मग सिंधूचा भाग का लांबलाय ते कळेल.

नाटक बघायला मिळालं तर बघाच. आम्हाला केशवराव भोसले नाट्यगृह होतं, शाहू महाराजांनी खासबागेशेजारी बांधलेलं. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघांची बरीवाईट नाटकं तिथंच बघितली. वाईट जास्त शिकवतात. नट वाक्य विसरून थांबला की समोरच्याची कशी तारांबळ उडते ते बघून संवाद कशावर उभा असतो हे कळतं. ८ ऑगस्ट २०२४ ला, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायकनट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. त्यावर इथं लिहीत नाही, मग मूळ प्रश्न राहील.

तसा तो राहिलाच आहे म्हणा. अभ्यासक्रमातली सगळी नाटकं वाचा असं मी म्हणणार नाही. दोन-तीन नीट वाचा, रंगसूचनांसकट. ‘जरा थांबून’ असं कंसात लिहिलेलं असतं ना, तिथं खरंच थांबा. बाकीच्यांना गाईड चालेल. नोकरी करून परीक्षा देत असाल, घरात लहान मूल असेल, तर माझं सगळं सोडा आणि मुद्दे पाठ करा, त्यात कमीपणा नाही. सेट-नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना, तर सनावळी आणि नाटककारांच्या याद्या लागतातच, तिथं आरडाओरडा करून उपयोग नाही.

आणि रूममेटला त्या पेपरात माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले हे ती अजून प्रत्येक भेटीत सांगते, म्हणून मीच आधी सांगते. पडले. पण जास्तीचे सगळे अंतर्गत मूल्यमापनातले होते, लेखीत आम्ही सारख्याच. आणि तळीराम सुधाकराचा कोण लागायचा असं परवा तिच्या मुलीनं विचारलं, तर तिनं फोन मला लावला.